स्फुरद

सदतिसावा कागदही निळा झाला.

अर्पितानं तो बांधावर आपटल्यासारखा ठेवला आणि वर दगड ठेवला. कागदावर चिमूटभर माती, तिच्यावर दोन बाटल्यांतले थेंब, आणि मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर असेल तर निळा डाग. जिथं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटवल्या, हाडं-राख टाकली, गुरं बांधली, तिथली माती हजार-दोन हजार वर्षांनीही असा डाग देते. दोन एकरांत एखादा तुकडा निळा निघावा, एवढीच तिची अपेक्षा होती. इथं कोपरान्‌कोपरा निळा. येरमाळ्याजवळच्या या माळावर एवढं मोठं शहर असतं, तर आजवर कुणाला तरी त्याची खापरं सापडली असती की!

वेळ तरी कुठं होता? उद्या सकाळी शेततळं खोदायला पोकलेन येणार होतं. "जुनी वस्ती कुठं हाय ते आज सांगा, ती सोडून खांदू," असं गोरोबाकाकांनी कबूल केलं होतं. माणूस भला. शेताचा मालक असून सकाळपासून तिची पिशवी धरून मागं मागं हिंडत होता.

अडतिसाव्या नमुन्यात तिला एक करडा दाणा दिसला. मग दुसरा. तिसरा.

"काका, हे काय आहे?"

"डीएपी." काकांचा चेहरा खुलला. "तुमी यायच्या आदीच टाकलं. वर रोटाव्हेटर मारून घेतला."

"शेतात पीक नाही, पाणी नाही, आणि मे महिन्यात खत?"

"तुमीच फोनवर म्हनला न्हवं, स्फुरद बघायचंय म्हनून? दोन सालामागं माती तपासली तवा कार्डावर स्फुरद कमी आलं. चावडीत समद्यांम्होरं वाचून दावलं. म्हनलं, आता पुण्याच्या मॅडम येनार, पुन्यांदा नापास नगं."

अर्पिताला हसावं की रडावं कळेना. रडणंच जवळ होतं. चार दिवस उन्हात दोऱ्या ताणून आखलेले चौकोन, चिठ्ठ्या लावलेल्या शंभर पिशव्या, सगळं पाण्यात. खत न पोचलेली खोलवरची माती काढायची, तर अजून आठवडा हवा.

"अहो काका, परीक्षा तुमच्या जमिनीची नव्हतीच हो!" ती ओरडलीच. "सगळं वाटोळं केलंत. कुणी सांगितला होता हा उपद्‌व्याप?"

काकांचं तोंड उतरलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. रांगेत उभं राहून आणलेलं, पेरणीसाठी राखलेलं खत त्यांनी तिच्या एका शब्दाखातर मातीत कालवलं होतं, आणि वर ही बोलणी. तिला वाईट वाटलं. राग मात्र गेला नाही.

"समद्या शेतात न्हाय टाकलं," जरा वेळानं ते घुश्श्यातच म्हणाले. "त्या बाभळीच्या अंगाचा तुकडा सोडलाय."

"का? पोतं संपलं?"

"संपतंय कशानं! तिथं म्या कधीच टाकत न्हाय. माझ्या बापानंबी टाकलं न्हाय. बिनखताची ज्वारी डोक्याच्या वर जाती तिथं. उगं कशाला वाया घालवायचं?"

अर्पिताचा हात बाटलीच्या झाकणावर तसाच राहिला.

"कुठून कुठवर, काका?"

काका बाभळीपासून निघाले, वहाणेनं ढेकळं फोडत, मातीत रेघ ओढत. पंचवीस-तीस पावलांवर वळले. पुढं गेले, पुन्हा वळले. कुठं थांबायचं हे त्यांना एकदाही शोधावं लागलं नाही.

रेघेच्या आतली माती तिनं बोटांनी चाळून चाळून पाहिली. एकही दाणा नव्हता. कागदावर ठेवून तिनं थेंब सोडले. डाग आला तो सगळ्या कागदांहून गडद.

"इथं तर तुम्ही काहीच टाकलं नाही," ती म्हणाली.

"टाकायचं कशाला? भूकच न्हाय तिला." काका अजून तिच्याकडं बघत नव्हते. "जेवलेली जमीन हाय ती, मॅडम. कुनी जेवू घातलं, ते तेवढं तुमी बघा."