प्रभाग दोनचे रहिवासी

"माझा मुलगा तुमच्या प्रभागात राहतो," रोझेटा गिलियम म्हणाली. "चार दिवस झाले, नळाला पाणी नाही."

नगरसेवक डेल हटन गवत कापायच्या, बसून चालवायच्या यंत्राखाली अर्धा शिरला होता. दुरुस्तीचं दुकान हेच त्याचं कार्यालय. चौदा मतं मिळवून तो निवडून आला होता. विरोधी उमेदवाराला, म्हणजे त्याच्या मेहुण्याला, नऊ पडली होती.

"कुठल्या रस्त्यावर?" त्याने यंत्राखालूनच विचारलं.

"सी बराक."

डेल बाहेर आला. कपाळाला ग्रीस होतं. "अहो बाई, तो तुरुंग झाला."

"प्रभाग दोन. लोकसंख्या तेराशे चाळीस. त्यातले बाराशे शहाण्णव आत. उरले चव्वेचाळीस, ते तुम्ही आणि तुमचे शेजारी."

"पण आतले लोक मत देत नाहीत."

"देऊ देत नाहीत. मोजायला मात्र चालतात."

तिचा आवाज चढला नव्हता. सहा तासांच्या बसमध्ये चढायचा तेवढा चढून झाला होता. सकाळी तुरुंगातल्या भेटीत काचेपलीकडे तिने मुलाचे, डेमेट्रिसचे ओठ पाहिले होते. कोरडे पडून, फुटून रक्त आलेलं. पोरगा हसायचं टाळत होता.

तुरुंगातली आमची पोरं आमच्यात मोजा, म्हणून तिच्या वस्तीने कोर्टात दावा लावला होता. जनगणनेत माणसं कमी भरली म्हणून वस्तीची विधानसभेची जागा गेली होती. गेल्या महिन्यात निकाल विरोधात लागला. माणूस जिथे झोपतो, तिथलाच तो. एकसष्ट पानं. रोझेटाने ती यंत्राच्या बॉनेटवर आपटली.

डेलने ती न उघडताच मान हलवली. "कोर्टाचं कोर्टापाशी. तुमचा मुलगा काही इथला नाही हो. त्याला इथे पाठवलाय. त्याचं घर तुमच्याकडे."

रोझेटाने पर्समधून पेन काढलं.

"लिहून द्या."

"काय?"

"आत्ता बोललात ते. खाली सही. आमच्या वकिलाला अपिलासाठी हवंय."

"वेड लागलंय का? असं लिहून दिलं तर माझा प्रभागच उरत नाही!"

"मग नका लिहू. तुरुंगाच्या वॉर्डनला फोन लावा. सांगा, माझे बाराशे शहाण्णव रहिवासी तहानलेत."

डेलने पेनाकडे पाहिलं, मग फोनकडे. दोन्हींना हात न लावता तो फ्रिजकडे गेला आणि गार पाण्याची बाटली आणून तिच्यापुढे ठेवली.

"बाई, आधी शांत व्हा बघू. पाणी प्या."

रोझेटाचा घसा सकाळपासून कोरडा होता. तिने बाटली उचलली, झाकण न उघडता फोनशेजारी नीट उभी केली आणि विक्रीला ठेवलेल्या यंत्राच्या सीटवर ठाण मांडून बसली.

"एक झाली," ती म्हणाली. "बाराशे पंच्याण्णव आणा."