नाव घ्यावं लागतं

“या नावावर सकाळीच मत पडलं आहे,” दत्तोपंत म्हणाले.

समोर उभ्या असलेल्या बाईला ते आधी कळलंच नाही. पहाटेच्या गाडीनं ती उमरेडहून निघाली होती आणि इतवारी स्टेशनापासून विचारत विचारत या शाळेपर्यंत चालत आली होती.

“पण मनकर्णा तं मीच हाये जी.”

सदतीस सालचं मतदान होतं. नवऱ्याच्या मिळकतीवर बायकोलाही मत मिळालं होतं, त्यामुळे वर्गाबाहेर बायकांची वेगळी रांग लागली होती. दत्तोपंत सदर भागातल्या एका शाळेत मास्तर. इथलं मतदान आज त्यांच्या ताब्यात होतं. त्यांच्या शेजारी निवडणुकीला उभ्या असलेल्या कापडवाल्या शेठजींचा एजंट बसला होता. सकाळच्या एजंटाच्या जागी तो दुपारी आला होता. सगळे त्याला मुनीमजी म्हणत, म्हणून दत्तोपंतही म्हणू लागले होते.

“सकाळी आली थे खरी मनकर्णा, साहेब,” मुनीमजी म्हणाले. “मीच तिले टांग्यात बसवून आणलं. ही कोण, मले मालूम नाही.”

“तुम्ही ओळखता मनकर्णाला?”

“एकाच मोहल्ल्यातले आमी. चांगली ओळखतो.”

मनकर्णेनं आत येतानाच पदर कपाळाच्या खाली ओढला होता. तो तिनं आणखी पुढे घेतला.

“बाई, खोट्या नावानं मत द्यायला येणं गुन्हा आहे,” दत्तोपंत म्हणाले. “तुरुंग होतो. अजून परत जाता येईल.”

दाराशी उभा असलेला शिपाई दोन पावलं आत आला. बाई जागची हलली नाही.

“एवढ्या लांबून कशासाठी आलात?”

“भावाच्या घरी राहते जी. भावजय रोज म्हणते, तुह्या नावाचं हाये काय वं इथं? मंग समजलं का सरकारच्या यादीत माहं नाव हाये. म्हून आली.”

दत्तोपंतांनी यादी पुढे ओढली. मग नियमाप्रमाणे प्रश्न सुरू केले. वय तिनं सांगितलं. घर कुठल्या गल्लीत, शेजारी कोण, तेही सांगितलं.

“नवऱ्याचं नाव?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

रांगेतल्या बायका दाराशी गोळा झाल्या. एक म्हातारी म्हणाली, “उखाण्यात घे वं.” दोघी-तिघी हसल्या. मनकर्णा हसली नाही.

बायकांच्या मदतीला शामलाबाई नावाची नर्स नेमली होती. सकाळपासून कित्येक जणींनी नवऱ्याचं नाव तिच्या कानात सांगून वेळ निभावली होती. ती पुढे झाली. “आज घ्यावं लागतं, मनकर्णाबाई. माझ्या कानात सांगा.”

“कानात नाही,” मुनीमजी म्हणाले. “हिच्यावर माही हरकत हाये. मोठ्यानं सांगू द्या, आमाले आयकू आलं पाहिजे.” ते खुर्चीत मागे रेलले. “नाही सांगणार थे, साहेब. पाहून घ्या.”

“बाई, सांगत नसाल तर मला तुम्हाला पोलिसाकडे द्यावं लागेल.”

मनकर्णेचे ओठ हलले. लग्नात एकदा घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर ते नाव तिच्या तोंडी आलं नव्हतं. तिनं दाराकडे पाहिलं. शिपाई पाहत होता, बायका पाहत होत्या.

“गिरिधर,” ती म्हणाली.

“पूर्ण.”

“गिरिधर तुकारामजी.”

दत्तोपंतांचं बोट यादीवरून सरकलं आणि थांबलं. “बरोबर आहे.”

बायकांमधून कुजबुज उठली. मुनीमजी सावरून बसले आणि घाईनं म्हणाले, “नाव तं कोणीबी पाठ करते, साहेब. हिले ओळखणारा माणूस पाहिजे. नाहीतं द्या शिपायाच्या हाती.”

दत्तोपंतांनी मान हलवली. नियम तसाच होता.

“बाई, तुम्हाला ओळखणारं इथं कोणी आहे?”

मनकर्णेनं दोन्ही हातांनी पदर मागे सारला. आत आल्यापासून पहिल्यांदाच तिनं टेबलाकडे सरळ पाहिलं.

“एक जण हाये जी,” ती म्हणाली. “आत्ता ज्याइचं नाव घेतलं, थेच. तुमच्या बाजूले बसून हायेत.”