चावी तिच्या हाती नको

"चावी तिच्या हाती नको," नवरा म्हणाला. "माझ्याकडे द्या."

पहिली गाडी दाखवायला ताईने बायकोपुढे केलेला चावीचा हात मागे घेतला. जुन्या गाड्यांच्या त्या दुकानात ती सात वर्षं विक्रीचं काम करत होती. परमुलखात आपल्या भाषेत बोलणारी म्हणून आपल्याकडची गिऱ्हाइकं तिलाच शोधत यायची आणि लहानथोर सगळे तिला ताईच म्हणायचे. बायकोला मधे तोंड घालू न देणारे नवरे तिला नवे नव्हते. पण इतकं तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

दुकानाच्या आतसुद्धा बायकोने काळा चष्मा काढला नव्हता.

नवरा इस्पितळात एक्स-रे काढायचा. दोन बस बदलून कामावर जावं लागायचं. "लहानशीच गाडी हवी," तो म्हणाला. "मोठी मला झेपायची नाही. एक माणूस आरामात बसला म्हणजे झालं."

"एक?" बायकोने विचारलं.

"दोन," तो घाईने म्हणाला.

तीन गाड्या त्याने नापास केल्या. आत बसायचा, पाठ टेकवायचा, ओठ आवळायचा आणि उतरायचा. सीट कडक आहे, सीट टोचते, कापड खरबरीत आहे. स्वारी नाजूक दिसते, ताईच्या मनात आलं. जुनी गाडी घ्यायची आणि थाट अंबारीचा.

चौथी गाडी पांढरी होती. बुटकी, दोन वळणांत कुठेही मावेल अशी, आणि सीट गादीसारखी. तिच्यात तो पहिल्यांदाच नीट टेकून बसला. डोळे मिटले.

"दारं सगळी एकदम लॉक होतात?" त्याने विचारलं.

"बटण दाबलं की चारही."

"मग हीच."

बाहेर उभ्या असलेल्या बायकोकडे त्याने एकदा पाहिलं. ताईला ती नजर आवडली नाही.

ताईची थोरली बहीण, अक्का, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी जिन्यावरून पडून गेली होती. पडली असं सासरचे म्हणाले. त्याआधी दर रविवारी फोनवर अक्का म्हणायची, "मजेत आहे गं." आवाज ओला असायचा. ताईने कधी पुढे विचारलं नव्हतं.

कागदपत्रं आणायला ती काचेच्या खोलीत गेली, तेवढ्यात बाहेर पत्र्यावर काहीतरी जोरात आदळलं.

ती धावत आली. पांढऱ्या गाडीच्या दाराशी नवऱ्याने बायकोची दोन्ही मनगटं धरून तिला दाबून ठेवलं होतं. चष्मा पायाखाली चुरडला होता. बायकोच्या तोंडातून हनुवटीवर रक्त ओघळत होतं.

"वाचवा हो मला," ती म्हणाली.

"सोड तिला!" ताई ओरडली.

"ताई, तुम्ही मधे पडू नका. हिला सोडलं तर..."

ताईने शेजारच्या मांडणीवरचा चाकं खोलायचा पाना उचलला. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. मनगटं सुटली. दुसरा गुडघ्यावर. हाड वाजल्याचं तिला पान्यातून हातापर्यंत कळलं. तो फरशीवर कोसळला.

"ताई, ऐका..."

"गप्प!" तिसरा घाव तोंडावर बसला. "फार ऐकून घेतलं मी. एकदोन रविवार नाही, तीन वर्षं ऐकून घेतलं."

आपण कुणाबद्दल बोलतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने त्याच्या खिशातून चावी ओढून काढली आणि बायकोच्या मुठीत कोंबली.

"जा वहिनी. सरळ पोलिसांत जा. मागे वळून बघू नका."

नवऱ्याने मान हलवली. तोंडातून रक्ताबरोबर एक दात बाहेर पडला. "नको," तो म्हणाला. "तिला नको..."

गाडी सुरू झाली. दुकानातून सुटून अंगणातल्या फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

मागचे पांढरे दिवे लागले.

नवरा सरपटत खांबापाशी पोहोचला होता. खांबाला धरून तो अर्धा उठला, तेव्हा गाडी उलटी येऊन त्याच्यावर आदळली. गाडी पुढे गेली. पुन्हा मागे आली. दुसऱ्यांदा तो ओरडलासुद्धा नाही.

पलीकडच्या गॅरेजमधून म्हातारा मिस्त्री बोंबलत धावत आला. ताई जागची हलली नाही. तिने ओरडायला हवं होतं. हात वर करून आडवं जायला हवं होतं. पण तिच्या छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. अक्काच्या वाटणीचं कुणीतरी आज चुकतं करत होतं.

बायको गाडीतून उतरली. ताईने तिला पोटाशी धरलं.

"संपलं, वहिनी. आता कुणी तुमच्या अंगाला हात लावणार नाही. पोलिसांना मी सांगते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय."

"हो," बायको म्हणाली. तिचा श्वास अगदी संथ चालला होता. "तुम्हीच सांगा."

ताईने रुमाल काढून तिची हनुवटी पुसली, मग ओठ पुसले. जखम नेमकी कुठे झाली होती ते सापडेना. ओठ धड होते, दातही धड होते.

खांबापाशी मिस्त्री गुडघ्यावर बसला होता. नवऱ्याची धुगधुगी अजून चालू होती. रक्त कुठून येतंय ते बघायला मिस्त्रीने त्याला हलकेच कुशीवर वळवलं, खिशातल्या कात्रीने शर्ट मागून उभा फाडला आणि त्याचा हात तसाच राहिला.

"ताई," तो म्हणाला. "जरा इकडे या."

नवऱ्याच्या मनगटावर दातांची ताजी, रक्ताळलेली खूण होती. मानेपासून कमरेपर्यंत सगळ्या पाठीवर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग होते, टोकदार, एकाखाली एक. वरचे जुने, पांढरे पडलेले. सगळ्यात खालचा अजून ओला होता.