शेवटच्या रांगेपर्यंत

दुसरा अंक ऐन रंगात आला असताना माईक बंद पडले आणि बाल्कनीतून हाक आली, "काकूसाहेब, आवाज!"

शोभनाताईंनी वर बाल्कनीकडे पाहिलं. मालिकेतली खाष्ट काकूसाहेब म्हणून त्या घराघरांत पोचल्या होत्या. आजचं कणकवलीचं नाट्यगृहही त्याच नावावर भरलं होतं. पण मालिकेच्या पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने बजावलं होतं, "ताई, हळू! माईक पदराआडच आहे. हे नाटक नाही." तेव्हापासून त्या रोज कुजबुजत सुनेला छळत आल्या होत्या. आज इतक्या वर्षांनी रंगमंचावर गळा साथ देणार होता का?

"आवाज!" पुन्हा कुणीतरी ओरडलं.

त्यांनी पाय रोवले, पोटातून श्वास घेतला आणि तरुणपणी जत्रेतल्या उघड्या मंचावरून बोलायच्या तशा, थेट शेवटच्या रांगेतल्या माणसाशी बोलल्या, "माझ्या लेकीला दारात उभं ठेवून तुम्ही आत पानसुपारी वाटता?"

शब्द छताला लागून परत आले. बाल्कनीतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

अंक संपताच साउंडवाला घामाघूम होऊन आत आला. "ताई, माईक सुरू झाले एकदाचे!"

शोभनाताईंनी चहाचा घोट घेतला.

"राहू देत, बाकीच्यांना लागतील," त्या म्हणाल्या. "मी बोलेन तेव्हा बंद कर."