टेबलावरच्या बांगड्या
"बांगड्या घालून विधवेची मदत मागतेस?" कचेरीतले साहेब दक्षाला म्हणाले होते. गुजरातच्या बोटीवर मासेमारीला गेलेला नवरा बुडाला, हे तिला पटलेलं नव्हतं. पण पोरं उपाशी होती. तिने साहेबांच्या टेबलावरच बांगड्या फोडल्या. दोन वर्षांनी नवरा पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून धाकट्या डहाणूला घरी आला आणि पाठोपाठ नोटीस आली: नवरा जिवंत आहे, मदत चुकून दिली, परत करा. त्या पैशांतून तिने होडीत वाटा घेतला होता. तो विकून ती कचेरीत गेली. नोटा ठेवताना हिरव्या बांगड्या त्याच टेबलावर वाजल्या. "सरकारला फसवलंस की गं!" साहेब हसले. "फोडायला तुम्हीच लावल्या होत्या. मोजा नीट." साहेबांनी सगळ्या नोटा मोजल्या. "ही घे पावती." "ठेवा तुमच्याकडेच," दक्षा म्हणाली. "माझी पावती घरी बसलीय, दुसऱ्याच्या होडीचं जाळं सांधत."