दोरा संपला तेव्हा

ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात, ज्यात पाहून रोबोटचे हात चालवायचे त्या यंत्रातून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं आणि खुर्चीतून उठून ते चष्मा पुसायला लागले. डोकं बाहेर आलं की रोबोटचे हात जागच्या जागी थांबतात, हे सिस्टरला पाठ होतं. पण टेबलावरच्या बाईच्या पोटात गेलेले ते हात थांबले नाहीत. किडनीतली गाठ काढून झाली होती, जखम शिवणं चालू होतं. ते चालूच राहिलं.

"सर," सिस्टर हळूच म्हणाली, "तुम्हीच शिवताय ना?"

डॉक्टरांनी वर पाहिलं. भिंतीवरच्या टीव्हीत सुई आत-बाहेर करत होती. त्यांच्या हातात फक्त चष्मा होता.

सिस्टरचा हात लाल बटणाकडे गेला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "किडनीचा रक्तपुरवठा चाप लावून बंद केलाय. हे बंद पाडलं आणि परत सुरूच झालं नाही, तर पोट उघडेपर्यंत किडनी जाईल. बाईंना एकच आहे."

"मग करायचं काय?"

"टाके कसे पडतायत?"

सिस्टरने टीव्हीकडे नीट पाहिलं. "चांगले," ती म्हणाली. तुमच्यापेक्षा चांगले, हे तिने गिळलं.

डॉक्टर तिच्याशेजारी येऊन हाताची घडी घालून उभे राहिले. बाहेर पेशंटचे नातेवाईक उभे असतात तसे.

"नाडी ठीक आहे," भूल देणारे डॉक्टर कुणी न विचारताच म्हणाले.

मग दोरा संपला. यंत्राचा एक हात आतल्या आत वळला. सिस्टर ज्या नळीतून सुई आत सोडायची, तिच्या तोंडाशी आला आणि चिमटा उघडून थांबला.

एरवी कोपऱ्यातून आवाज यायचा, "सिस्टर, दोरा." आज कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तिने नवी सुई पकडीत धरली आणि आत सोडली.

चिमटा मिटला. पण हात लगेच हलला नाही. सिस्टरची पकड नळीतून पूर्ण बाहेर येईपर्यंत तो तसाच थांबून राहिला.

इतक्या वर्षांत डॉक्टर कधी थांबले नव्हते.