एकशे त्रेचाळिसावं पान

"पान कुणी फाडलं?"

निमियाने कादंबरी बाकावर आपटली तेव्हा तेरेरेची नळी ब्लासिदाच्या ओठांतच होती. तिने पाल्याच्या त्या कडवट चहाचा थंडगार घोट गिळला आणि पेला झुनिल्दाकडे सरकवला. एकच पेला, एकच नळी, चार बाया. इताउग्वा गावात निमियाच्या ओसरीवर रोज दुपारी असंच चालायचं. कादंबरीही तशीच फिरायची. एकीने वाचून ओसरीवर आणून ठेवायची, दुसरीने उचलायची.

"एकशे त्रेचाळिसावं पान. मुळापासून उपटलंय. आहे का कुणाला लाज?"

कादंबरी आईपणाची होती, आणि त्यातली आई गोडगोड बोलणारी नव्हती. म्हणून तर निमियाने ती हौसेने असुनसिओनहून आणली होती. वाचायची रीतही तिनेच घालून दिली होती. एखादी ओळ काळजाला लागली, तर ज्या कुणाची आठवण आली तिचं नाव पेन्सिलीने समासात लिहायचं. स्वतःचं नाव नाही. त्यामुळे समास बायांनी भरले होते. कुणाची सासू, कुणाची वहिनी, कुणाची वारलेली बहीण.

सगळ्यांना आधी देऊन निमिया शेवटी वाचायला बसली होती. पाच आठवडे कळ काढली, आणि पदरात काय पडलं? फाटकं पुस्तक!

"माझ्याकडे बघू नकोस," ब्लासिदा म्हणाली. तिची चिपाची, म्हणजे चीजच्या पावांची, भट्टी होती. "आमच्या चिपाखाली केळीची पानं लागतात, कादंबरीची नाही."

कुणी हसलं नाही.

"शेवटच्या बाळंतपणाचं पान ना ते?" झुनिल्दा म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती, असली पानं ती विसरायची नाही. "मी वाचलं तेव्हा जागेवर होतं. तिला ते मूल नको असतं, तो भाग."

"नको असेल! बाई आहे ती, दगड नाही. पण आपल्या गावाला सोसतंय का हे? आई म्हटली की बसवा देव्हाऱ्यात आणि दाबा तिचं तोंड!" निमिया आता रामोनाकडे वळली होती. रामोना चर्चमध्ये पोरांना धर्म आणि मुळाक्षरं शिकवायची. "गुरुवारी पुस्तक परत कुणी आणलं? तूच ना? मी नेमकी शहरात जाळीकाम विकायला गेलेली. पाद्रीबाबांना दाखवायला नेलंस का पान?"

 रामोनाची नजर ओसरीच्या टोकाला जाऊन परत आली.

टोकाला निमियाची आई बसली होती, म्हातारी आनास्तासिया. चौकटीवर ताणलेल्या कापडावर सुईने जाळी विणत होती. तिचा दिवस त्या खुर्चीतच जायचा. फक्त सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ती रामोनाचा हात धरून चर्चमध्ये जपाला जायची. लिहिण्यावाचण्याशी तिचा संबंध कुणी कधी पाहिला नव्हता. सरकारी कागदावर अंगठा उठवायची, परगावच्या पोरांची पत्रं निमियाच वाचून दाखवायची.

"ओरडू नकोस गं," म्हातारी म्हणाली. "गोष्टीतल्या त्या बाईने पुढे लेकीला बुटांचा जोड धाडला ना? तेवढं वाच की."

"आई, तू मध्ये पडू नकोस. ऐकीव गोष्टींवर बोलायचं नाही." निमियाने पुस्तक सगळ्यांसमोर उघडं धरलं. "हे पुढचं पान बघा. पेन्सिलीचा दाब उमटलाय. फाटल्या पानावर कुणीतरी नाव लिहिलं होतं. अक्षरं लागत नाहीत, पण नाव होतं, पैज लावते! ज्या बाईचं नाव होतं तिचा हक्क आहे ते वाचायचा. तिच्यापासून लपवणारी तू कोण, रामोना?"

"मीच फाडलं असं समज."

"समज म्हणजे?"

"समज म्हटलं ना." रामोना उठली. तिचे डोळे भरले होते. "उद्यापासून माझ्यासाठी पेला भरू नका."

ती गेली. झुनिल्दाने तिच्यामागोमाग पायात चपला सरकवल्या. ब्लासिदा जाता जाता म्हणाली, "झालं समाधान? वीस वर्षांची मैत्रीण घालवलीस एका कागदापायी."

"कागदापायी नाही, खरेपणापायी!" निमिया ओरडली.

म्हातारीची सुई थांबली होती. "तिला असं जाऊ द्यायला नको होतंस."

"आई, सात पोरं हसतखेळत वाढवणारी आई सगळ्यांच्याच नशिबी नसते. ज्यांच्या नशिबी नाही त्यांना खरं कळायला नको?"

आनास्तासिया एरवी आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "हे माझं शेंडेफळ, हिच्यावाचून मला घास उतरत नाही." ते खोटंही नव्हतं. निमिया समोर बसल्याशिवाय ती ताटाला हात लावत नसे. आता मात्र तिने चौकट खाली ठेवली. काठी घेतली आणि हळूहळू पायऱ्या उतरून रामोनाच्या घराकडे निघाली.

निमियाने पुस्तक मांडीवर घेतलं. पान उपटल्यामुळे त्याच्या जोडीचं पानही लोंबत होतं. शिवायला हवं होतं. चांगला चिवट दोरा आईच्या बिस्किटांच्या डब्यात असायचा. त्या डब्याला आईशिवाय कुणी हात लावत नसे, पण आज विचारायला आई घरात नव्हती.

रिळांच्या खाली पेन्सिलीचा एक तुकडा होता. त्याखाली चार घड्या घातलेला कागद. निमियाने तो उलगडला. कोपऱ्यात आकडा होता, एकशे त्रेचाळीस.

मधल्या एका ओळीखाली रेघ मारली होती. 'शेवटचीच्या वेळी मी रोज देवाला एकच मागितलं, ही जगू नये.'

शेजारी समासात, पहिलीतल्या पोराने काढावीत तशी मोठाली वाकडी अक्षरं होती. खोडून खोडून कागद विरला होता. पण लिहिणारीने फार दाबून लिहिलं होतं, नाव काही गेलं नव्हतं.

निमिया.